फुरशाचे मोल

आठ दिवसांत १,१५,९२१. हा आकडा रत्नागिरी जिल्ह्यातला, डिसेंबर १८६२ मधला, आणि मारलेल्या फुरशांचा आहे. सरकारने साप मारणाऱ्याला बक्षीस लावले होते. लोकांनी फुरशी मारून आणली, ती मोजली गेली, आणि मोजणी मागे राहिली. भागाकार केला तर दिवसाला साडेचौदा हजारांच्या जवळपास पडतात. त्याच जिल्ह्यातला दुसरा आकडा याहून बोलका आहे. बक्षीस चालू असलेल्या सहा वर्षांत दरसाल सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली. सहाने गुणले की साडेतेरा लाख होतात. जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्याच्या लेखनातून हे आकडे पुढच्या सर्पग्रंथांत गेले आणि आजवर उद्धृत होत राहिले आहेत.

ज्या जिल्ह्यात साडेतेरा लाख फुरशी मारली गेली, त्या जिल्ह्यात आज फुरसे उरले नसावे, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. रत्नागिरी तालुक्यात आमची आंब्या-काजूची थोडी बाग आहे. तिथे दरवर्षी फुरसे दिसते, आणि दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो: बागेत साप राहू द्यावा की काढून टाकावा? शहरातल्या मित्रांचे उत्तर तयार असते: राहू द्यावा. बागेत काम करणाऱ्या बायकांचेही उत्तर तयार असते, आणि ते वेगळे असते. दोन्ही बाजू आपले म्हणणे जणू स्वयंसिद्ध असल्यासारखे मांडतात. प्रत्यक्षात या प्रश्नावर कोकणात पूर्वी एक फार मोठा प्रयोग होऊन गेलेला आहे. सरकारी खर्चाने आणि लोकांच्या हातांनी झालेल्या त्या प्रयोगातून काय हाती लागले, हे पाहण्यासाठी हा लेख.

आधी फुरशाची ओळख करून द्यायला हवी, कारण नाग सर्वांना माहीत असतो, फुरसे नसते. कोकणातले फुरसे जेमतेम फूट-सव्वा फूट लांब असते. रंग तपकिरी, मातकट. दोन्ही कुशींवर नागमोडी फिकट रेघा, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण. सुक्या पानांत ते पडले असेल तर डोळ्यांना दिसत नाही. डिवचले तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा खरखर आवाज काढते. त्याची झेप त्याच्या आकाराच्या मानाने विलक्षण चपळ असते. ते अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. विंचू, गोमी, किडे, बेडूक, पाली, लहान उंदीर हे त्याचे खाणे. राहायला त्याला दगड लागतो. जांभ्याचा उघडा कातळ, ज्याला आपण सडा म्हणतो, तो त्याचा खरा मुलूख. बांकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात अशा सड्यांना तोटा नव्हता. (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्यातून १९८१ मध्ये वेगळा झाला.) आणि सड्यावरचेच दगड उचलून माणसाने आपल्या आवाराला गडगे घातले. म्हणजे फुरशाला घर माणसानेच बांधून दिले, तेही आपल्या उंबऱ्यापासून दहा पावलांवर.

फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. हिरड्यांतून, जुन्या जखमांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. नाग चावलेला माणूस काही तासांत जाऊ शकतो. फुरसे चावलेला माणूस पुष्कळदा काही दिवस जगतो आणि मग दगावतो. या दिरंगाईचा इतिहासाशी थेट संबंध आहे. दंश झाला त्या दिवशी माणूस चालत घरी येतो, बोलतो, जेवतो. आठवड्याने तो गेला तर त्याच्या मरणाची नोंद सापाच्या नावावर होईलच असे नाही.

बक्षिसांचे धोरण एकट्या रत्नागिरीचे नव्हते. १८५७ नंतर स्थिरावलेल्या सरकारला आपल्या प्रजेच्या मृत्यूंचे कोष्टक मांडायचे होते. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले शल्यवैद्य जोसेफ फेरर यांनी बंगाल आणि उत्तरेकडील काही प्रांतांतून माहिती मागवली, तेव्हा एकट्या १८६९ सालात त्या भागांत सर्पदंशाने ११,४१६ माणसे मेल्याचे दिसले. फेररांचा ‘थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ हा भव्य ग्रंथ १८७२ मध्ये निघाला. त्यातली सापांची रंगीत चित्रे कलकत्त्याच्या कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी काढली होती. चित्रांमागे सौंदर्यदृष्टीइतकाच व्यवहार होता. बक्षीस विषारी सापाला द्यायचे, तर समोर आणून टाकलेला साप विषारी आहे की बिनविषारी, हे कचेरीतल्या माणसाला ओळखता यायला हवे. साप ओळखता न येणाऱ्या राज्यकर्त्यांनी साप संपवण्याची मोहीम काढली होती, आणि तो ओळखण्याची गरज त्यांना त्या मोहिमेनेच शिकवली.

फेरर स्वतः बक्षिसांचे पुरस्कर्ते होते. पैसा सढळ हाताने आणि व्यवस्थितपणे दिला तर सर्पदंशाचे मृत्यू कमी होतील, असे त्यांचे म्हणणे होते. पैसा दिला गेला. १८८०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात दरसाल अडीच लाखांच्या घरात साप मारल्याच्या नोंदी होत होत्या. त्याच वर्षांत सर्पदंशाचे मृत्यू अठरा-एकोणीस हजार होते. पुढे १८९०च्या दशकातही मृत्यूंचा आकडा वीस हजारांच्या आसपासच राहिला. साप मारल्याचा स्तंभ भरत होता, माणसे मेल्याचा स्तंभ हलत नव्हता.

आता रत्नागिरीचा सव्वादोन लाखांचा आकडा या शेजारी ठेवून पाहा. एका जिल्ह्यात वर्षाला मारलेली फुरशी आणि संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात वर्षाला मारलेले सगळे साप, हे आकडे जवळपास सारखे आहेत. तुलना काटेकोर नाही, पण त्या मोहिमेचा आवाका कळायला पुरेशी आहे.

असा आकडा हाती आला की संशोधकाने आधी त्याच्यावर संशय घ्यावा. बक्षिसाच्या व्यवहारात मोजणी फुगवण्यात देणाऱ्याचाही फायदा असतो आणि घेणाऱ्याचाही. अधिकाऱ्याला काम झाल्याचे दाखवायचे असते, आणणाऱ्याला पैसे हवे असतात. सापांच्या बक्षिसाची गोष्ट निघाली की दिल्लीतल्या नागांची कथा हमखास येते. इंग्रजांनी नागांवर बक्षीस लावले, लोकांनी नाग पाळायला सुरुवात केली, बक्षीस बंद होताच पाळलेले नाग सोडून दिले आणि पूर्वीपेक्षा जास्त नाग झाले. होर्स्ट झीबर्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने २००१ मध्ये आपल्या पुस्तकाला ‘कोब्रा इफेक्ट’ या अर्थाचे नाव दिल्यापासून ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गांतून जगभर सांगितली जाते. ती ज्या थाटात सांगितली जाते त्याला साजेसा भक्कम समकालीन पुरावा मात्र कोणी पुढे ठेवलेला नाही. आपल्याकडे तर रत्नागिरीची नोंद आहे, आणि तिला अशा लबाडीची गरजही नाही. फुरसे पाळण्याची यातायात कोण करील? सड्यावरचा दगड उलटला की ते मिळत होते.

महिना डिसेंबर होता, हेही लक्षात घ्यायला हवे. भाताची कापणी-मळणी उरकलेली असते. सड्यावरचे गवत सुकून कापणीला आलेले असते. पाऊस नाही, चिखल नाही, हात मोकळे आहेत. कोकणातल्या कोरडवाहू घरात रोख पैसा दिसण्याचे दिवस मोजके. अशा वेळी दगडाखाली पैसा आहे असे सरकारनेच सांगितले, तर सगळे गाव सड्यावर जाणार. आणि थंडीच्या दिवसांत सकाळी फुरसे मंद असते, दगडाखालून सहज काठीच्या टप्प्यात येते. आठ दिवसांत लाखाच्या वर फुरशी मिळण्यामागे जादू नव्हती. श्रम होते आणि गरज होती.

पण याच तपशिलात मोहिमेचे अपयशही दडलेले आहे. बक्षीस फुरशाला होते, जागेला नव्हते. उघड्या सड्यावरचे फुरसे आणि पडवीमागच्या गडग्यातले फुरसे यांना सारखाच दर. मग शहाणा माणूस कुठे जाईल? जिथे एका सकाळी पन्नास दगड उलटता येतात तिथे, म्हणजे सड्यावर. घराचा गडगा पाडून त्यातले एक फुरसे काढण्यात वेळ जातो आणि गडगा पुन्हा रचावा लागतो. माणसाला खरा धोका ज्या फुरशापासून होता, ते काढणे सर्वांत कमी किफायतीचे होते. हा माझा तर्क आहे. पण ज्याने दगडी गडगा एकदा तरी रचला आहे त्याला तो पटावा. शिवाय फुरसे पिल्लांवर पिल्ले देणारे. सड्याला रिकामी झालेली जागा भरून काढायला त्याला फार वर्षे लागत नसणार. सहा वर्षे सरासरी सव्वादोन लाखांची राहते याचा अर्थच असा, की मारूनही ते मिळत राहिले.

विडाल या बाबतीत वेगळा माणूस होता. दक्षिण कोकणात त्याने नोकरी केली, तिथल्या पक्ष्यांची यादी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. कॅम्बेल यांनी संपादित केलेला रत्नागिरी आणि सावंतवाडीचा गॅझेटियरही त्याच साली निघाला. १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात १८९० मध्ये विडालने उत्तर कानड्यातल्या विषारी सापांची यादी दिली आणि शीर्षकातच सर्पदंशाच्या मृत्यूंच्या सरकारी आकडेवारीतले दोष हा विषय घेतला. सरकारी आकड्यांत नुसता ‘साप’ असतो. कोणता साप, ते नसते. ते वेगळे केल्याशिवाय कोणत्या जिल्ह्यात कशामुळे माणसे मरतात हे कळणार नाही, आणि कळल्याशिवाय उपाय करणे म्हणजे अंधारात काठी चालवणे. मुंबई इलाख्यातल्या मृत्यूंत नागापेक्षा फुरशाचा वाटा मोठा असावा, हे त्याचे मत याच विचारातून आले होते. सगळ्यांचे लक्ष फणा काढणाऱ्या नागाकडे असताना या माणसाने पायाखालच्या फूटभर सापाकडे बोट दाखवले.

आपल्या परंपरेचे काय? ती सापाला सांभाळणारी आहे, असे आपण सहज म्हणतो. नागपंचमीला जमीन नांगरत नाहीत, खणत नाहीत, चिरणे-भाजणे टाळतात. पाटावर नाग काढून लाह्या वाहतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. गावाच्या, बागेच्या राखणदाराला नागाचे रूप दिले जाते. तो दिसला तर हात जोडून वाट देतात. हे सगळे खरे आहे. पण बारकाईने पाहिले तर हा मान नागाचा आहे. फुरशाला वारूळ नाही, लाह्या नाहीत, राखणदारी नाही. राखणदार म्हणून ज्या बागेत नागाला नमस्कार होतो, त्याच बागेत फुरशावर दगड पडतो, आणि तो टाकणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही. १८६२ मध्ये लाखभर फुरशी मारणारी माणसे श्रद्धा सोडून सड्यावर गेली नव्हती. त्यांच्या श्रद्धेने फुरशाला कधी जागाच दिली नव्हती.

सर्पांचा समूळ नाश करण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांआधीची आहे. महाभारताची कथा सांगितली जाते ती जनमेजयाच्या सर्पसत्रात. बापाला तक्षकाने मारले म्हणून मुलगा साऱ्या सर्पजातीची आहुती देऊ लागतो, आणि आस्तिक येऊन ते सत्र थांबवतो. त्याआधी खांडववनाचा दाह आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये त्या दाहाकडे वस्तीसाठी रान मोकळे करण्याच्या अंगाने पाहिले. मला त्या कथेत महत्त्वाचे वाटते ते हे, की नाश थांबतो तो सर्प निरुपद्रवी ठरतात म्हणून नव्हे. तक्षक विषारी होता, परीक्षित खरोखर मेला होता. तरीही सत्र थांबते. म्हणजे धोका मान्य करून सहन करण्याचा विचार त्या ग्रंथाला परका नाही. आज सापांची बाजू घेणारे आपण मात्र ‘तो काही करत नाही’ अशी सुरुवात करतो. फुरशाच्या बाबतीत ही सुरुवातच खोटी आहे.

मेलेल्या फुरशाची किंमत कमी होऊन जिवंत फुरशाची किंमत वाढली ती औषधामुळे. १८९०च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने नागाच्या विषावर प्रतिविष तयार केले. घोड्याला थोडेथोडे विष टोचून त्याच्या रक्तातून औषध मिळवण्याची ही पद्धत आजही मूलतः तीच आहे. हिंदुस्थानात कसौलीच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी नाग आणि घोणस यांच्यावरचे औषध बनू लागले. फुरसे त्यात नव्हते. म्हणजे कोकणातल्या माणसाला ज्या सापाची भीती, त्याच्यावरचे औषध मागाहून आले. मुंबईत परळला १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी उभी राहिलेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकीन संस्था म्हणून ओळखली जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच औषध बनवण्यात या संस्थेचे काम मोलाचे ठरले. तिथले पां. ज. देवरस यांनी सापांवर सामान्य वाचकांसाठीही लिहिले.

या औषधाला विष लागते, आणि विषाला जिवंत साप. आज देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते; ती १९७८ मध्ये स्थापन झाली. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणारी ही माणसे आता तो पकडतात, विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. अलीकडच्या संशोधनातून असेही दिसले आहे, की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे एका टोकाच्या सापांपासून बनवलेले औषध दुसऱ्या टोकाला कमी पडू शकते. हे खरे असेल तर रत्नागिरीच्या माणसाला वाचवायला रत्नागिरीचे फुरसे लागेल. ज्याला संपवायला पैसे मोजले, त्याच्याशिवाय औषध पुरे होत नाही.

औषधाचे बळ किती, हे पाहायला कोकणातलेच एक उदाहरण पुरेसे आहे, आणि तेही फुरशाच्या खाण्यातल्या विंचवाचे. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले, रात्र रात्र उशाशी बसून त्यांच्या लक्षणांच्या नोंदी केल्या आणि प्राझोसिन हे औषध त्यावर उपयोगी पडते हे दाखवले. विंचूदंशाने होणारे मृत्यू त्यानंतर झपाट्याने घटले. कोकणातले विंचू कमी झाले नव्हते. कोणी विंचवांवर बक्षीस लावले नव्हते. विंचू दगडाखाली होता तिथेच राहिला आणि माणसे जगू लागली.

दरम्यान कायदा पालटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज सापांना संरक्षण आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेली हत्या तेवढी गुन्हा ठरत नाही. समाजाचे मनही पालटले. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ सापांच्या सहवासात ७२ तास राहून लोकांचे डोळे सापांकडे वळवले. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान झाले. ‘सर्पमित्र’ हा शब्द मराठीत रुळला आणि तालुक्यागणिक असे तरुण उभे राहिले. घरात साप निघाला की काठी शोधण्याऐवजी फोन शोधणारी पिढी आली. शंभर-सव्वाशे वर्षांत एका समाजाने एवढा पल्ला गाठला, ही साधी गोष्ट नाही.

पण मृत्यूंचा स्तंभ? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतली बहुसंख्य ग्रामीण. सरकारी रुग्णालयांत नोंदले जाणारे मृत्यू याच्या लहानशा अंशाएवढे असतात. विडालने १८९० मध्ये जे दुखणे सांगितले ते अजून बरे झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. त्या आराखड्यात साप मारण्याचे बक्षीस नाही, हीच फेररांपासून इथवरची वाटचाल.

ही सगळी कागदपत्रे वाचत असताना गेल्या वर्षी बागेत पातेरा गोळा करण्याचे काम चालू होते. गडग्यालगत फुरसे दिसले. मी म्हटले, राहू दे, त्याच्या वाटेने जाईल. पंधरा-वीस वर्षे आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंनी हातातले खराटे टेकवले आणि म्हणाल्या, “राहू दे हो भाऊ. पण पातेरा काय तुम्ही ओढता?”

सापांच्या बाजूने लिहिलेल्या पुष्कळ लेखांना हा प्रश्न लागू पडतो. साप सहन करावा असे म्हणणारा आणि तो प्रत्यक्ष सहन करणारा, ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात. एक पडवीत बसतो, दुसरीचे हात कोपरापर्यंत सुक्या पानांत असतात. १८६२ मध्येही हेच होते. बक्षीस ठरवणारा कचेरीत होता आणि दगड उलटणारा सड्यावर, अनवाणी. आठ दिवसांचा तो आकडा फुरशांचा आहे. ती उचलताना किती हातांना दात लागले, याचा स्तंभ त्यात नाही. मारायचे ठरवा किंवा ठेवायचे ठरवा, किंमत तोच माणूस चुकती करतो.

म्हणून ‘साप ठेवावा की काढावा’ हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. तो विचारताना साप कोणता, कुठे आणि कुणाच्या पायाखाली, हे सोबत विचारावे लागते. कोळ्याच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. कलमांच्या फांद्यांत जाळी विणून बसणारा मोठा कोळी कितीही भीतिदायक दिसला तरी माणसाचे काही बिघडवत नाही आणि किडे खातो. त्याला हात लावू नये. धामणीचेही उत्तर सोपे आहे; ती उंदीर खाते आणि विषारी नाही. सड्यावरच्या फुरशालाही काढण्यात अर्थ नाही, हे साडेतेरा लाखांच्या हिशेबाने दाखवले आहे. पकडून दूर नेऊन सोडणे हाही फारसा चांगला उपाय नाही. अनोळखी जागी सोडलेला साप पुष्कळदा जगत नाही, आणि गडग्यातली रिकामी जागा दुसरा घेतो. प्रश्न उरतो तो माणसाच्या वावरातल्या फुरशाचा, आणि तिथे बदलायची आहे ती जागा.

त्या बाईंशी आणि इतरांशी बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. पडवीमागचा गडगा सिमेंटने सांधून घेतला, म्हणजे दगडांतल्या फटी बुजल्या. सरपण भिंतीला न टेकवता उंच माचावर रचले. पातेरा हाताने न उचलता लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढायचा. सगळ्यांना गमबूट आणि जाड हातमोजे, बागेच्या खर्चाने. ते जड होतात, घाम येतो, म्हणून कामाची वेळ सकाळी लवकर घेतली आणि रोज तीच ठेवली. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय आवारात पाऊल नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे का, हे पावसाळ्याआधी विचारून ठेवायचे, आणि गाडीवाल्याचा नंबर पडवीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत. दंश झाला तर चिरायचे नाही, आवळून बांधायचे नाही, मांत्रिकाकडे तास घालवायचा नाही. तो भाग न हलवता थेट रुग्णालय गाठायचे.

याला बक्षिसापेक्षा जास्त खर्च येतो. गमबुटांच्या जोड्या दोन वर्षांत फाटतात, गडग्याला दर पावसानंतर सांधकाम लागते, आणि एवढे करूनही एखाद्या दिवशी दाताळ्याखाली फुरसे निघतेच. तेव्हा काम थांबते, ते गडग्याकडे किंवा सड्याकडे सरकेपर्यंत सगळ्या जणी लांब उभ्या राहतात, आणि त्या वेळेची मजुरी कापली जात नाही. ही शेवटची अट त्या बाईंनी घातली. साप ठेवायचा तर त्याचे मोल कोणी द्यायचे, हे त्यांनी एका वाक्यात ठरवून टाकले.